थंडीच्या दिवसांत गळ

मंडळी, नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस दिसला की गावात दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, "काय हा रिकामटेकडा!" दुसरा म्हणतो, "नशीबवान आहे बरं का!" आम्हांला दोन्ही बोलणी पटत नाहीत. गळ टाकणे हे आळशाचे काम नव्हे. ते नुसते नशिबाचेही काम नव्हे. त्याला पाण्याची ओळख लागते. माशाच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात. आणि शेजारी एक भरवशाचा माणूस लागतो. हे शेवटचे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

आपली कृष्णा महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते. वाईवरून ती साताऱ्याजवळ माहुलीला येते. तिथे तिला वेण्णा मिळते. पुढे कऱ्हाडला कोयना मिळते. मग ती सांगली जिल्ह्यात शिरते आणि औदुंबर, भिलवडी असे करीत सांगलीला पोचते. सांगलीपाशी हरिपूरला वारणा तिच्यात येते. सुमारे १४०० किलोमीटर चालून ती आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. सातारा आणि सांगली हे पूर्वी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर जिल्हे दोन झाले, पण नदी एकच राहिली.

आमचे एक स्नेही आहेत. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. आम्हीही आबाच म्हणतो. वय सत्तरीच्या घरात. सगळा जन्म नदीकाठच्या मळीच्या रानात गेला. गळाचे जे काही ज्ञान आम्हांला आहे, ते त्यांच्याकडून आलेले आहे. आम्ही त्यांना अक्षरे दाखवली, त्यांनी आम्हांला पाणी दाखवले. व्यवहार चोख झाला.

आधी गळाचे सामान पाहू. फार खर्चाचे काम नाही. एक सरळ, हलकी कळकाची काठी घ्यावी. माणसाच्या उंचीच्या दीडपट असली तर उत्तम. तिच्या शेंड्याला तंगूस बांधायचा. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक, पारदर्शक दोरा. तो पाण्यात माशाला सहसा दिसत नाही. तंगुसाच्या खालच्या टोकाला लोखंडी गळ. गळाच्या अणीजवळ एक उलटा दात असतो. अणी आत शिरते, पण उलट्या दातामुळे सहज बाहेर निघत नाही. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाची लहान गोळी चिमटून बसवतात. तिच्या वजनाने आमिष खाली जाते. आणखी वर एक बूच बांधतात. ते पाण्यावर तरंगत राहते. मासा आमिषाला लागला की बूच हलते. म्हणजे बूच हा आपला डोळा समजा. पाण्याखाली काय चालले आहे ते तो आपल्याला सांगतो.

आमिष माशागणिक वेगळे. शिंगाळ्याला आणि वाम माशाला गांडूळ आवडते. हे दोघे तळाशी राहणारे. रोहू, कोळशी यांना कणकेची गोळी चालते. आबा तिच्यात थोडी शेंगदाण्याची पेंड मिसळतात. मरळीला जिवंत बेडकी लागते. चिलापी मात्र काहीही खाते. चिलापी मूळची आपली नाही, बरे का. ती आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि आता तळ्याधरणांत सगळीकडे झाली आहे. कटला, रोहू आणि मृगळ हेही मुळात गंगेकडचे मासे. त्यांचे बी आणून धरणांत सोडतात. हे बी पूर्वी नदीतूनच गोळा करावे लागे. १९५७ च्या जुलैत ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाला टोचणी देऊन हौदात अंडी घालायला लावली. तेव्हापासून माशाचे बी कोंबडीच्या पिलासारखे घरी तयार होऊ लागले. आज आठवडी बाजारात जो कटला मिळतो, त्याच्यामागे त्या दोघांची मेहनत आहे.

एक सूचना इथेच सांगतो. धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. तिथे त्यांना विचारल्यावाचून गळ टाकू नये.

आता थंडीकडे वळू. पौषातल्या एका सकाळी आम्ही दोघे निघालो. उसाच्या फडातून पायवाट होती. पाचटावर दव इतके पडले होते की धोतर गुडघ्यापर्यंत ओले झाले. नदीवर धुके होते. पलीकडचा काठ दिसत नव्हता. आबांच्या खांद्यावर घोंगडे, हातात दोन काठ्या. आमच्याकडे चहाची किटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी व खर्डा.

आम्ही नेहमीच्या वळणापाशी उतरणार, तोच आबा थांबले. तिथे वन खात्याने नवीन फलक लावला होता. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत आबा अंगठा उठवत असत. आता त्यांना फलक दिसला की वाचल्याशिवाय पाय पुढे पडत नाही. बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, एस. टी. च्या पाट्या, खताच्या पोत्यावरची अक्षरे, सगळे ते वाचतात. इथेही त्यांनी बोट धरून सुरुवात केली.

"सा-व-धा-न. ये-थे म... म-ग... मगरी. मगरींचा वा-व-र आहे. गुरुजी, मगरींचा वावर आहे म्हंतंय ह्ये!"

आम्ही म्हणालो, "आबा, मगरी पलीकडच्या डोहात असतात. हे वळण तर उथळ आहे."

"आवं, फलक लावनाऱ्याला काय याड लागलंय व्हय? बगितल्याबिगार लावला न्हाई त्यानं. हितं नगं. वर बसू."

आम्ही दगडी घाटाकडे गेलो आणि वरच्या पायरीवर बसलो. पायरीपासून पाणी सात-आठ हात खाली होते. काठी लांब असल्याने गळ पाण्यात पोचत होता. तासाभराने ऊन पडले, धुके फाटले. तेव्हा त्या वळणाच्या वाळूवर आम्हांला ती दिसली. आधी वाटले, पुरात वाहून आलेला ओंडका असावा. मग ओंडक्याने तोंड उघडले. आठ-नऊ फूट लांब असेल. आम्ही रोज जिथे पाय धुतो, त्या जागेपासून ती वीस पावलांवर होती.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त फलकाकडे पाहिले आणि चहा ओतला.

मगरीविषयी चार गोष्टी नीट माहीत हव्यात. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात त्या बऱ्याच आहेत. धुणी धुणाऱ्या बायका, पोहणारी पोरे, मोटर बघायला नदीत उतरलेले शेतकरी यांच्यावर या पट्ट्यात हल्ले झालेले आहेत, माणसे दगावली आहेत. काही लोक तिला सुसर म्हणतात, पण सुसर वेगळी. खऱ्या सुसरीचे तोंड लांब आणि काठीसारखे बारीक असते. ती उत्तरेकडच्या नद्यांत राहते. कृष्णेत आहे ती रुंद तोंडाची मगर.

मगरीचे रक्त आपल्यासारखे सदा गरम नसते. पाणी गार तर तिचे अंगही गार. म्हणून थंडीत ती उन्हाला येऊन पडते. तोंड उघडून पडते ते कोणाला खाण्यासाठी नव्हे, अंगातली ऊब कमीजास्त करण्यासाठी. वाळूवर दिसणारी मगर तेवढी धोक्याची नसते. पाण्यात न दिसणारी धोक्याची. तिचे नाक आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. तेवढेच पाण्याबाहेर ठेवून ती तासन् तास निश्चल राहते. उन्हाळ्याच्या तोंडाला ती काठच्या वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि त्यांची राखण करते. पिले पावसाच्या सुमारास बाहेर येतात. त्या दिवसांत तिच्या घरट्याच्या वाटेला कोणी जाऊ नये. तिला मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोठा गुन्हा आहे. शिवाय ती मेलेली जनावरे खाऊन नदी साफही करते. तेव्हा तिने तिच्या जागी राहावे आणि आपण आपल्या.

म्हणून आबांनी आमचा एक नेम ठरवून टाकला आहे. गळ टाकायला कधी एकट्याने जायचे नाही. दोघांनी जायचे. एकाने बुचाकडे पाहायचे, दुसऱ्याने काठाकडे. थोड्या वेळाने पाळी बदलायची. बुचाकडे पाहणारा माणूस आंधळा असतो. त्याला त्या इवल्याशा बुचाशिवाय जगात काही दिसत नाही. त्याचीच तर गोडी आहे. घरचे कर्ज, सुनेची तक्रार, उसाचे थकलेले बिल, काही काही आठवत नाही. पण हे सुख त्याला मिळते ते शेजारचा जागा असतो म्हणून. मासे साफ करून त्यांची आतडी घाटावर टाकायची नाहीत, कारण त्या वासाने मगर पुन्हा पुन्हा तिथेच येते. पाण्यात पाय सोडून बसायचे नाही. दिवस मावळायच्या आत परतायचे. हे सारे नेम त्यातच आले.

तर ऊन पडले तरी बूच काही हलेना. आबा म्हणाले, "मासं बी अजून घोंगड्यात हायती." बोलणे थट्टेचे, पण खरे होते. मगरीसारखेच माशाचेही अंग पाण्याइतके गार होते. अंग गार झाले की भूक मंदावते, पचन मंदावते, हालचाल मंदावते. म्हणून थंडीत पहाटे चारला उठून गळ टाकण्यात हशील नाही. ऊन पाण्यावर चांगले तापले की मासा फिरायला लागतो. नऊ ते अकरा ही वेळ बरी. पावसाळा संपल्यावर पाणीही नितळ होते, त्यामुळे त्याला आमिष दिसते.

मग आबांनी विचारले, "गुरुजी, एक इचारू का? म्हाबळेश्वराला बर्फ पडतो म्हंत्यात. तितल्या तळ्यातलं मासं मग गोठून मरत न्हाईत का?"

प्रश्न नामी होता. त्याचे उत्तर आम्ही सावकाश दिले, तसेच इथे देतो.

महाबळेश्वराला आकाशातून बर्फ पडत नाही. तिथे वेण्णा तलाव आहे. तो साताऱ्याचे राजे अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधवला. थंडीत कधी कधी तलावाच्या आसपासचे दव गोठते. नावेत चढायच्या फळ्यांवर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे कण दिसतात. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडते आणि पाने भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. म्हणून तलावाकाठी हा चमत्कार होतो. पण तलावाचे पाणी काही गोठत नाही. तितकी थंडी आपल्याकडे पडत नाही.

मात्र फिनलंड, रशिया, कॅनडा, कोरिया या देशांत पडते. तिथे तळीच्या तळी गोठतात. वरचा थर दगडासारखा घट्ट होतो. लोक त्याच्यावरून चालत जातात. आणि तिथे जाऊन काय करतात? गळ टाकून बसतात!

आबांना हे खोटेच वाटले. "बर्फात गळ घालत्यात कुटनं?"

सुताराचे गिरमिट तुम्ही पाहिले आहे. लाकडाला भोक पाडायचे ते फिरते हत्यार. तसेच कमरेएवढे मोठे गिरमिट ते लोक वापरतात. बर्फावर उभे राहून ते फिरवतात आणि वीतभर रुंदीचे भोक पाडतात. भोकातून खालचे काळे पाणी दिसते. त्यात गळ सोडायचा. काठी लांब लागत नाही, हातभर पुरते, कारण पाणी थेट पायांखालीच असते. बसायला लहानसे स्टूल. अंगावर जाड कपडे. काही जण तंबू लावतात, आत शेगडी पेटवतात आणि कॉफी पीत गप्पा मारत बसतात. सारी सकाळ अशी जाते. मासा मिळाला तर मिळाला.

आता आबांचा मूळ प्रश्न. खालचे मासे मरत का नाहीत? याचे कारण पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक वस्तू गार होतील तशा आक्रसतात आणि जड होतात. पाणीही तसेच करते, पण चार अंश उष्णतेपर्यंतच. चार अंशांना ते सर्वांत जड असते. त्याहून गार झाले की ते उलट फुगायला लागते, हलके होते. शून्य अंशाला त्याचा बर्फ होतो आणि बर्फ तर आणखी हलका. म्हणून तो तरंगतो. सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा टाकून पाहा. तो वर येतो, तळाशी जात नाही.

तळ्याचेही तसेच. चार अंशांचे जड पाणी तळाशी जाऊन बसते. त्याहून गार, हलके पाणी वर राहते आणि तेच गोठते. म्हणजे तळे वरून गोठते, खालून नाही. एकदा वर बर्फाचा थर धरला की तो घोंगडीचे काम करतो. बाहेर कितीही कडाका पडो, खालच्या पाण्याची ऊब लवकर बाहेर जात नाही. मासा तळाशी त्या चार अंशांच्या पाण्यात मंदपणे हिवाळा काढतो. पाण्याला हा गुण नसता आणि बर्फ जड असता, तर तो तळाशी बसत गेला असता, तळी बुडापासून वरपर्यंत गोठली असती आणि त्या देशांत मासा उरलाच नसता.

आबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "म्हंजी घोंगडं आमचं बी आन् माशाचं बी."

त्या देशांतही भीती असतेच. तिथे मगर नाही, पण बर्फ फुटतो. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच जाड असल्याखेरीज त्यावर माणसाने पाऊल ठेवू नये, असा त्यांचा दंडक आहे. पुढे जाताना पहारीने ठोकून पाहतात. जिथे खालून झरा वाहतो, तिथे थर पातळ राहतो. तसल्या गार पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच लुळे पडतात. म्हणून तेही एकटे जात नाहीत. सोबती घेतात, दोर घेतात. हे ऐकल्यावर आबांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू त्यांचाच नेम त्या लोकांनी उचलला आहे.

एवढे बोलणे होते तोच बूच बुडाले. काठीवर पाळी आमची होती. आम्ही हिसका दिला. जोर चांगला लागला. तळाकडे ओढ होती, म्हणजे शिंगाळा. आबा ओरडले, "वडू नगा एकदम! सैल सोडा, मंग घ्या!" दोन-तीनदा सोडत, घेत तो वर आला. शेर-दीड शेराचा असेल. रुपेरी अंग, मिशा लांब.

शिंगाळ्याला हात लावताना फार जपावे. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन काटे असतात. तो तडफडला की ते ताठ उभे राहतात. काटा बोटात गेला की नुसते टोचत नाही, ठणका लागतो, कारण काट्याला थोडे विष असते. असा काटा लागला तर जखम स्वच्छ धुवावी आणि हात सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा. उष्णतेने ते विष निकामी होते. नंतर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हळद, शेण असले काही जखमेवर बांधू नये. आबा ओल्या फडक्याने मासा डोक्यामागून दाबतात आणि मगच गळ काढतात.

त्यानंतर दोन कोळशी लागल्या. एक हातभर, एक बोटभर. बोटभर असलेली आबांनी परत सोडली. "पुढल्या सालाला यील," म्हणाले.

पण येईल का, हा प्रश्न आता हसण्यावारी नेता येत नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. लहान, मोठे, सगळ्या जातीचे. लोक पोती भरभरून नेत होते. असे मासे खाणे धोक्याचे, हे सांगूनही ऐकत नव्हते.

मासे असे एकाएकी का मरतात, तेही समजून घ्या. मासा पाण्यात राहतो तरी त्याला श्वास लागतोच. पाण्यात विरघळलेली प्राणवायूची हवा तो कल्ल्यांनी घेतो. ही हवा फार थोडी असते. एक लिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे चौदा मिलिग्रॅम, वीस अंशांना नऊ, तीस अंशांना साडेसात. मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा हजारावा भाग. आकडे ध्यानात राहिले नाहीत तरी चालेल. पाणी तापेल तशी त्यातली हवा कमी होते, एवढे ठेवा. म्हणून थंडीतला मासा गारठला तरी श्वासाला मोकळा असतो. उन्हाळ्यात नदी आटते, पाणी तापते, हवा आधीच कमी. अशा वेळी कारखान्याचे मळीचे पाणी किंवा गावाची गटारे त्यात सोडली की त्यातली घाण कुजू लागते. कुजवणारे जंतू उरलीसुरली हवा पिऊन टाकतात. मग मासे वर येऊन तोंडे उघडतात. पोरांना वाटते, मासे खेळायला वर आले. ते खेळत नसतात, गुदमरत असतात. मरळ तेवढी तग धरते, कारण तिला तोंड वर काढून बाहेरची हवा घेता येते. बाकीचे जातात. असे दिसले तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे. पाणी वाहून गेल्यावर पुरावा राहत नाही. अर्जावर तारीख, वेळ आणि घाटाचे नाव लिहावे. आबांनी असा एक अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर वाकडे होते. पोच मात्र मिळाली.

दुसरा घात आपणच करतो. कोणी जिलेटीनचा तोटा उडवतो, कोणी पाण्यात औषध कालवतो, कोणी विजेची तार सोडतो. पाच माशांसाठी पाचशे पिले मारायची, ही कसली मासेमारी? स्फोटाने आणि विषाने मासे मारणे १८९७ सालच्या कायद्यानेच गुन्हा ठरवले आहे. विजेच्या तारेने तर मासे धरणारा स्वतःच मरतो. ओल्या पायाने तो त्याच पाण्यात उभा असतो.

गळाची गोष्ट वेगळी. गळ एका वेळी एकच मासा घेतो. लहान लागला तर सोडता येतो. पोट भरण्यासाठी जाळी टाकणारा भोई आणि गंमत म्हणून गळ टाकणारे आम्ही, दोघांनाही नदी पुरते. तोटा उडवणाऱ्याला ती पुरत नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही काठ्या आवरल्या. मगर केव्हाच पाण्यात गेली होती. कुठे गेली ते दिसत नव्हते, म्हणून आबांनी घाटावर आलेल्या दोन पोरांना हटकले आणि फलकापाशी नेऊन उभे केले. पोरे चौथीतली. त्यांनी फलक घडाघडा वाचला. आबा म्हणाले, "वाचला न्हवं? आता समजला का बगा." आणि वाळूवरची घसट दाखवली. एवढी रुंद घसट पाहून पोरे वरच्या पायरीवर चढली, ती खाली उतरलीच नाहीत.

ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की आबा गळ गुंडाळून आढ्याला खोवतात. नव्या पाण्यावर मासा अंडी घालायला काठाकडे येतो. मरळीची तर जोडी असते. पिले निघाली की ती तांबडी तांबडी, मूठभर कुंकू सांडावे तशी पाण्यावर एका ठिकाणी फिरतात आणि आईबाप खालून त्यांच्याबरोबर चालतात. त्या वेळी मरळ गळाला लावणे सोपे असते, कारण पिलांच्या अंगावर आलेल्या कशावरही ती झडप घालते. आईबाप उचलले की पिले अर्ध्या दिवसात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. आबा पूर्वी अशा मरळी धरीत. आता धरीत नाहीत. दसरा होऊन पाणी निवळले, की मग आढ्याकडे हात जातो.